दवाखान्यावर बोली नाही

आमच्या शाळेत बिरादार बाईंची खुर्ची वेगळी होती. हात नसलेली, रुंद बैठकीची, चारही पायांना मधून आडव्या पट्ट्या ठोकलेली. अंबरपेठेतल्या सुताराकडून ती त्यांनी स्वतःच्या पैशांनी करवून घेतली होती, कारण शाळेची लोखंडी खुर्ची त्यांना दोन्हीकडून चावायची. नवी शिक्षिका रुजू झाली की पहिल्याच दिवशी त्या तिला सांगत, "ही माझी. हिच्यावर बसू नको, हरवशील." सगळे हसत. बाई स्वतः हसत नसत. समोरची हसते की नाही, ते बघत.

मलाही त्यांनी हेच ऐकवलं. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून मी लग्न होऊन पुण्याहून हैदराबादला आले होते. शहराच्या त्या टोकाला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि या टोकाला आमची मराठी शाळा एकेक तुकडी मिटत चालली होती. ज्यांच्या आजोबांनी वर्गणी काढून शाळा उभारली, ती घरं आता नातवंडांना इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवून देत होती. मला मराठी शिकवायला घेतलं. पुण्याची म्हणजे भाषा शुद्ध, असा मुख्याध्यापकांचा आणि माझा समज होता. बाईंचा नव्हता. "तुमचं मराठी इस्त्रीचं," त्या म्हणाल्या. "आमचं अंगावरचं. चार दिवस वापरलंस की तुझंबी चुरगळतंय बघ." वर्षभरात मी भाजीवाल्याला 'नक्को' म्हणायला लागले होते.

सुमित्रा बिरादार. घर मूळचं उदगीरकडचं, शेतकऱ्याचं. आजोबा निजामाच्या काळात इकडे आले ते राहिले. बाई विद्यानगरला धाकट्या भावाकडे, दत्तूकडे राहत. दत्तू, त्याची बायको आणि मुलगा अमोल. बाईंचं लग्न झालं नव्हतं. का, हे मी कधी विचारलं नाही, त्यांनीच एकदा चहा पिता पिता सांगून टाकलं, "बघायला यायचे, बघून जायचे."

दुसऱ्याने म्हणायच्या आधी आपणच म्हणून मोकळं व्हावं, अशी त्यांची रीत होती. सातवीला वर्तुळ शिकवताना त्या सुतळीचा गुंडा आणत आणि दोन मुलींना उभं करून स्वतःच्या कमरेभोवती मोजायला लावत. "किती झाला परीघ? आता सांगा, मी आरपार किती?" वर्ग हसून लोळायचा, पण त्या शाळेतून गेलेला एकही पोरगा परिघाचं सूत्र विसरला नसेल. हसून झालं की बाई सुतळी पुन्हा गुंडाळून ठेवत. तेवढ्या वेळात त्यांचा श्वास भरून आलेला असे.

त्या किती खात, यावर शिक्षकखोलीत माझ्यासमोरही चर्चा व्हायची. डब्यात दीड भाकरी, वांग्याची भाजी, इतकंच. पण मी खोटं लिहिणार नाही. त्यांच्या टेबलाच्या खणात उस्मानिया बिस्किटांचा पुडा असायचा आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरची मिरची भजी यादगिरी त्यांना कागदात गुंडाळून आणून द्यायचा. यादगिरी म्हणजे आमचा शिपाई. ती भजी बाई रिकाम्या वर्गात भिंतीकडे तोंड करून खात. मी एकदा अचानक आत गेले, तर त्यांनी कागद पदराखाली घेतला. पन्नाशी ओलांडलेली बाई. त्या दिवसापासून मी दार वाजवून जाऊ लागले.

त्यांना खरं दुःख होतं ते जिन्याचं. दहावीचं गणित बाईंचं, हे शाळेत देवळातल्या घंटेइतकं ठरलेलं होतं. मग संस्थेने खालचे दोन मोठे वर्ग एका कॉम्प्युटर क्लासला भाड्याने दिले आणि दहावी दुसऱ्या मजल्यावर गेली. बाईंचे गुडघे तेव्हाच गेलेले होते. पहिले काही आठवडे त्या चढल्या. एका जिन्याला दहा मिनिटं, मधल्या वळणावर स्टुलावर बसायचं, वर पोचेपर्यंत अर्धा तास संपलेला. मुख्याध्यापकांनी दहावी मोरे सरांना दिली. वाईट हेतूने नव्हे. बाईंना पाचवी ते सातवी मिळाली. त्यानंतर मधल्या सुट्टीत त्या आपली खुर्ची जिन्याखाली ओढून घेत आणि वरून उतरणाऱ्या दहावीच्या मुलांना अडवत. "काय शिकवलं आज सरांनी? पायऱ्या सांग." गणिताच्या पायऱ्या म्हणायच्या त्यांना.

आता त्यांच्या चिट्टीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथेच घडलं. पुण्याकडे भिशी म्हणतात तशीच, पण हैदराबादची चिट्टी बोलीवर चालते. आम्ही पंचवीस जण, दर महिन्याला चार हजार, लाखाची चिट्टी. ज्याला गरज तो बोली लावतो, म्हणजे लाखातले किती सोडायला तयार आहे ते सांगतो. जो जास्त सोडेल, त्याला त्या महिन्याची रक्कम. सोडलेले पैसे सगळ्यांत सारखे वाटायचे. एका फेरीत एकाला एकदाच. शहराचा रिवाज असा की चालवणाऱ्याने पहिली चिट्टी पूर्ण उचलावी, तोच त्याचा मोबदला. बाईंनी तो कधी घेतला नाही. मास्तरांनी मास्तरांकडून कमिशन खाऊ नये, म्हणत.

त्यांचे स्वतःचे नियम दोनच. एक, कशासाठी उचलता ते सर्वांसमोर सांगायचं. दोन, दवाखान्यावर बोली नाही. कुणाच्या घरी आजारपण असेल तर बाकीच्यांनी तोंड मिटायचं आणि त्याला लाख पूर्ण द्यायचे. या दुसऱ्या नियमावर किती घरं तरली, ते त्या पंचवीस घरांना माहीत आहे.

मोरे सरांनी एका फेरीत बायकोचं ऑपरेशन सांगून पूर्ण चिट्टी उचलली आणि पुढच्याच रविवारी मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला नव्या स्कूटरवर बायकोला मागे बसवून आले. सोमवारी बाईंनी भरल्या शिक्षकखोलीत विचारलं, "सर, ऑपरेशन झकास झालं. लिटरला किती देते?" आम्ही हसून बेजार झालो. सरांचं तोंड आठवडाभर काळं पडलं होतं. तेव्हापासून नियमाला शेपूट जोडलं गेलं: दवाखाना म्हणालात तर डॉक्टरचा कागद टेबलावर ठेवायचा. आणि बाई तो कागद वर्गात उदाहरण वाचावं तशा खणखणीत आवाजात सगळ्यांना वाचून दाखवत. कुणाचं गर्भाशय, कुणाची मूळव्याध, काही सुटत नसे. खोटेपणाला आळा बसला खरा.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर बाई मला म्हणाल्या, "माझ्यासंगं एका जागी यायलीस का? दत्तूला नाही सांगायचं. कुणालाच नाही." रिक्षात त्यांच्या शेजारी मला जागा उरली नाही, म्हणून मी दुसऱ्या रिक्षात बसून मागोमाग गेले. नव्याने झालेला मोठा दवाखाना होता. दारात सलाम ठोकणारा पहारेकरी, आत संगमरवर, कॉफीचं दुकान. बाई म्हणाल्या, "इथं आजारी माणसाला लाजच वाटंल."

गुडघ्याच्या डॉक्टरने त्यांना आधीच सांगितलं होतं की तीस-पस्तीस किलो उतरल्याशिवाय तो गुडघ्याला हात लावणार नाही. त्यानेच या पोटाच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं. हा डॉक्टर तरुण होता आणि चांगला होता, हे मला सांगितलं पाहिजे. त्याने एकदाही 'जेवण कमी करा' म्हटलं नाही. त्याने खणातून एक पांढरी, मऊ, रबरासारखी कडी काढून बाईंच्या तळहातावर ठेवली. ही पोटाच्या वरच्या भागाभोवती बसवायची, म्हणजे थोडं खाल्लं की पोट भरल्यासारखं होतं. नंतर बाहेरून सुईने पाणी भरून ती घट्ट-सैल करता येते. बाईंनी ती कडी फिरवून फिरवून पाहिली. आतलं तोंड किती मिलिमीटरचं, असं विचारलं. त्याने सांगितलं. बाईंनी मनात काहीतरी हिशेब केला आणि म्हणाल्या, "म्हणजे पोटाला बांगडी भरायची." डॉक्टरला मराठी येत नव्हतं, मी हिंदीत सांगितलं, तो हसला. मग गंभीर होऊन त्याने झोपेबद्दल विचारलं. घोरता का, दचकून उठता का, दिवसा डुलकी लागते का? सगळ्याला हो. त्याने पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की रात्री तुमचा श्वास थांबतो, साखर वाढलेली आहे, हृदयावर ताण आहे. असंच राहिलं तर एक दिवस झोपेतच जाल. बाईंनी विचारलं, "और ये डाले तो? जिना चढतूं मैं?" तो म्हणाला, सहा महिन्यांत.

मग शेजारच्या खोलीत एका नीटनेटक्या मुलीने आम्हाला तीन पॅकेजेस दाखवली. सहलीची दाखवतात तशी. एकटीची खोली, दोघींची खोली, जेवणासकट. सगळ्यात स्वस्त दोन लाख दहा हजार. तिने निळ्या पाकिटात अंदाजाचा कागद घालून दिला. त्यावर बाईंचं नाव, वजन आणि काय करायचं ते ठळक अक्षरांत टाइप केलं होतं. बाहेर येईपर्यंत बाईंनी ते पाकीट पर्समध्ये सगळ्यात तळाला सरकवलं होतं.

एक लाख त्यांच्याकडे होते, आयुष्यभराचे. उरलेल्यासाठी आम्ही आबिड्सला विम्याच्या एका कचेरीत गेलो. बाई कित्येक वर्षं हप्ते भरत होत्या. खिडकीतल्या माणसाने कागद उलगडला आणि मागच्या टेबलावरच्याला विचारायचं म्हणून मोठ्याने वाचला. वजनासकट. रांगेत वीसेक माणसं होती. मग म्हणाला, ये तो ब्यूटी का केस है मॅडम, इसमें नहीं आता. आणि बाईंकडे खालून वर बघितलं. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी कागदाची घडी घातली, थँक्यू म्हटलं. बाहेर आल्यावर शेजारच्या पोस्टाच्या पायरीवर बसल्या. मला वाटलं रडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "किती मोठ्यांदा वाचलं गं त्यानं."

त्या दिवसांत शाळेच्या फोनवर नव्या बँकांच्या मुली कर्ज घ्या म्हणून मागे लागायच्या. गाडीला घ्या, फ्रीजला घ्या, सिंगापूरला जायला घ्या. बाईंनी एकीला विचारून पाहिलं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत म्हटल्यावर तिने फोन ठेवला. फंडातून काढायचे तर मुख्याध्यापकांची सही आणि कारणाचा रकाना. मी म्हटलं, मी देते. आमच्याकडे तेव्हा होते. आम्ही गाडी बुक करणार होतो. बाई म्हणाल्या, "नवऱ्याला काय कारण सांगशील? आणि तो काय म्हणंल, तेबी मला ठाऊक हाय. लाइट घे, मनावर नको घेऊस." मी फार आग्रह केला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

राहिली चिट्टी. मी म्हटलं, आता काय अडचण आहे बाई, तुमचाच नियम, दवाखान्यावर बोली नाही, कागद तुमच्या पर्समध्ये आहे. त्या माझं मनगट धरून म्हणाल्या, "माझी शपथ आहे तुला. तोंड उघडायचं नाही."

जूनची चिट्टी शिक्षकखोलीत झाली, शाळा सुटल्यावर, नेहमीप्रमाणे. बाई आपल्या खुर्चीवर, समोर चिट्टीची वही, मांडीवर पर्स. मोरे सरांनी सांगितलं की मुलीला कॉम्प्युटर घ्यायचाय. आणखी कुणाचं काही नव्हतं. बाई म्हणाल्या, "मला उचलायचीय." सगळ्यांना आश्चर्य वाटलं, त्या नेहमी शेवटी उचलत. मोरे सरांनी सरळ मनाने विचारलं, "बाई, तुमचं कारण?" नियमच होता तो.

बाईंचा अंगठा पर्सच्या बटणावर होता. बटण उघडलं. निळ्या पाकिटाचं टोक मला दिसलं. बाईंनी समोर पाहिलं, चोवीस माणसं, त्यांतल्या निम्म्यांचे कागद त्यांनी मोठ्याने वाचलेले. मग बटण पुन्हा लागल्याचा आवाज झाला.

"अमोलची सीट," त्या म्हणाल्या. "इंजिनिअरिंगची."

त्या वर्षी हैदराबादच्या दर दुसऱ्या घरात हेच कारण होतं, तेच त्यांच्या तोंडात आलं असणार. अमोलला एन्ट्रन्समध्ये रँक बरी नव्हती, हे सर्वांना माहीत होतं. सर म्हणाले, फीला तर अजून वेळ आहे बाई, मला आता स्वस्तात मिळतोय, आणि त्यांनी पाच हजार म्हटलं. बाई आठ. सर दहा. बाई पंधरा. मी बाईंकडे बघत होते आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. सर अठरा म्हणाले, हसतहसत, खेळ चालल्यासारखे. "तीस," बाई म्हणाल्या. गणिताच्या बाई लाखातले तीस सोडत होत्या. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्यांनी त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं. सरांनी हात जोडले. मी तोंड उघडलं नाही. शपथ होती, हे खरं आहे. पण शपथ नसती तर मी उघडलं असतं का, हे मला कधीच नक्की ठरवता आलेलं नाही. सोडलेले तीस हजार पंचवीस जणांत वाटले गेले. माझ्या वाट्याला बाराशे रुपये आले आणि ते मी घेतले.

चाळीस हजार अजून कमी पडत होते. बाई म्हणाल्या, दिवाळीपर्यंत जमवीन. त्या दिवसांत त्या खुशीत होत्या. जिन्याखाली बसून दहावीच्या पोरांना म्हणायच्या, पुढच्या वर्षी वर येते, मग बघते तुमच्याकडं.

दहा-बारा दिवसांनी मधल्या सुट्टीत दत्तू शाळेत आला. हातात लाडवांचा खोका. साधा, कष्टाळू माणूस. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात हिशेब लिहायचा. बाजारात त्याला मोरे सर भेटले होते आणि बहिणीने मुलासाठी केवढा तोटा सोसून चिट्टी उचलली, ते त्यांनी कौतुकाने सांगितलं होतं. सगळ्यांच्या देखत दत्तूने बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. "ताई, घरात बोलला पण नाहीत तुम्ही. मी त्याला दुकानावर लावणार होतो. रात्रीपासून रडायलंय पोरगं." आम्ही सगळे उभे होतो. कुणीतरी लाडू वाटायला घेतले. बाईंचा हात हवेत राहिला होता, तो त्यांनी सावकाश भावाच्या डोक्यावर ठेवला.

संध्याकाळी मी त्यांना रिकाम्या वर्गात गाठलं. दार न वाजवता गेले. म्हटलं, तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते दत्तूभाऊंना. हा जिवाचा प्रश्न आहे, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात का? मी रागावले होते, आणि माझा आवाज चढला होता.

"पोराला काय सांगशील?" बाई म्हणाल्या. "तुझं शिक्षण नको, आत्याला बारीक व्हायचंय?"

मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या की सीटला दीड लाख लागतात, सत्तरनं काय होतं, अर्धी सीट कुणी देत नाही. बँकेतल्या आयुष्यभराच्या लाखातून ऐंशी हजार त्यांनी त्याच आठवड्यात काढले.

दसऱ्याच्या सुमारास शिक्षकखोलीतला फोन मी उचलला, तर दवाखान्यातली ती नीटनेटकी मुलगी होती. सणानिमित्त पॅकेजवर सूट होती, महिनाअखेरपर्यंत. मी बाईंना निरोप सांगितला. "साडीवर देतात तशी का?" त्यांनी विचारलं आणि पाचवीच्या वह्या तपासत राहिल्या.

त्यानंतर त्या झपाट्याने खचल्या. पायांवर सूज, बोलताना मध्ये थांबणं. उदाहरण सांगता सांगता त्यांना खुर्चीतच झोप लागायची. पाचवीची पोरं, एरवी माकडं, पण बाई झोपल्या की चिडीचूप बसायची. दोन-चार मिनिटांनी बाई दचकून जाग्या होत, तेव्हा पुढच्या बाकावरची मुलगी हळूच सांगायची, "बाई, हातचे दोन." आणि बाई तिथून पुढे शिकवत. सुतळीचा गुंडा त्या वर्षी कपाटातून निघाला नाही.

एप्रिलमध्ये बाई गेल्या. झोपेत, डॉक्टर म्हणाला होता तशाच. तिरडीला सहा माणसं लागली, आणि त्यावरही कुणीतरी कुजबुजलंच. स्मशानातून परत आल्यावर मी मोरे सरांना सगळं सांगितलं. शपथ आता संपली होती. सर शाळेच्या ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडले. "एक शब्द बोलल्या असत्या," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी बोली लावली असती का हो?" त्यांना सांगून मी माझं ओझं हलकं केलं, की त्यांच्यावर घातलं, कोण जाणे. अमोल इंजिनिअर झाला, आता मोठ्या कंपनीत आहे. आत्याचा फोटो त्याच्या दिवाणखान्यात हार घालून लावलेला आहे. त्याला कुणी सांगितलेलं नाही. तो हे वाचेल, अशीही भीती नाही. मराठी वाचताना त्याची ओळ चुकते.

पण मला बाई आठवतात त्या मार्चमधल्या चिट्टीच्या, त्यांनी घेतलेल्या शेवटच्या. त्या दिवशी यादगिरी उभा राहिला. तोही चिट्टीत होता. चार हजार त्याला कसे जमत, देव जाणे. हातात घडी घातलेला कागद. दवाखाना, एवढंच तो म्हणाला आणि खाली बघत राहिला. बाईंनी सवयीने हात पुढे केला. चष्मा नाकावर चढवला. यादगिरीने कागद पुढे धरला, पण सोडला नाही. दोघांच्या चिमटीत तो कागद तसाच राहिला. मोरे सर आणि बाकीचे ऐकायला सरसावून बसले होते.

"अम्मा," यादगिरी अगदी हळू म्हणाला, "पढना नक्को."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"नई पढती," त्या म्हणाल्या. "उल्टा रख दे. दवाखाना है ना? बस."

आणि आम्हा सर्वांकडे वळून, धाप लागलेली असतानाही त्याच खणखणीत आवाजात, "यादगिरीला पूर्ण. दवाखान्यावर बोली नाही. आणि आजपासून कागद पालथाच ठेवायचा, कुणाचाबी."

मोरे सर काहीतरी म्हणणार होते. बाईंनी बोट वर केलं, तसे ते गप्प बसले. यादगिरीने कागद टेबलावर पालथा ठेवला. वर पंखा फिरत होता आणि कागदाचं एक टोक उचललं जात होतं. बाईंनी पुढे वाकून, मोठ्या कष्टाने, फळ्याजवळचा डस्टर ओढून घेतला, त्या कागदावर ठेवला, आणि पुढच्या चिट्टीची तारीख सांगितली.